मूत्रपिंडात साठणारे विष : जिंझूच्या काठापासून सराफ्याच्या शेगडीपर्यंत

महोत्सवी स्मरणिका म्हणजे कृतज्ञतेचा आणि आनंदाचा ग्रंथ. अशा पानांत विषाची चर्चा कशासाठी, असे एखाद्या वाचकास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कोणत्याही धर्मादाय न्यासाच्या कार्यकर्त्यांस विचारा. वैद्यकीय मदतीसाठी येणाऱ्या अर्जांत डायालिसिसचा अर्ज असतोच. आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर खेपेस चार-चार तास यंत्राशी बांधलेला मनुष्य आणि त्याच्याबरोबर बांधले गेलेले सारे घर, हे दृश्य आता दुर्मिळ राहिलेले नाही. मूत्रपिंडे निकामी होण्याची मोठी कारणे मधुमेह आणि रक्तदाब हीच होत, हे प्रथमच सांगितले पाहिजे. तथापि आणखी एक कारण असे आहे की, जे मुकाट्याने येते, वर्षानुवर्षे साठत जाते आणि बहुधा रोजच्या कामातून किंवा रोजच्या ताटातून येते. ते म्हणजे कॅडमियम, शिसे, पारा यांसारखे जड धातू. यांनी केलेली इजा पुष्कळदा भरून येत नाही. मात्र ती टाळता येते. म्हणूनच हा विषय संसारी माणसास ठाऊक असणे जरूर आहे.

मूत्रपिंडाची काटकसर

आपल्या शरीरातील दोन मूत्रपिंडे प्रत्येकी मुठीएवढी असतात. एकेका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात आणि प्रत्येक गाळणीस एक वेटोळी नलिका जोडलेली असते. या गाळण्यांतून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. पण मूत्र होते ते दीड लिटरच्या आसपास. मग बाकीचे कोठे जाते? गाळणीतून पाण्याबरोबर साखर, क्षार, फॉस्फेट, लहान प्रथिने असा पुष्कळ कामाचा मालही खाली उतरतो. नलिकेच्या पेशी त्यातले उपयोगी ते वेचून रक्तात परत पाठवतात आणि टाकाऊ तेवढे पुढे सोडतात. सुगृहिणी धान्य पाखडताना सुपातून निसटलेले दाणे पुन्हा वेचून घेते, तसाच हा प्रकार.

ही काटकसर एरवी आपल्या हिताची आहे. कॅडमियमच्या बाबतीत मात्र तीच घात करते. अन्नातून किंवा श्वासातून आलेले कॅडमियम प्रथम यकृतात जाते. तेथे मेटॅलोथायोनिन नावाचे एक लहानसे प्रथिन त्यास बांधून ठेवते. हे बांधलेले गाठोडे हळूहळू रक्तात उतरते, मूत्रपिंडाच्या गाळणीतून खाली जाते आणि नलिकेच्या पेशी ते ‘कामाचे प्रथिन’ समजून आत ओढून घेतात. प्रथिन पचते, धातू मागे राहतो. तो बाहेर पडण्याची गती इतकी मंद आहे की, साठलेल्या कॅडमियमपैकी निम्मे जाण्यास दहा ते तीस वर्षे लागतात. अर्थात रोज कणभर येत राहिले, तर साठा वाढतच जातो. अखेर पेशींची सहनशक्ती संपते आणि वेचणारे हातच लुळे पडतात. मग साखर, फॉस्फेट, कॅल्शियम, लहान प्रथिने ही सर्व मूत्रावाटे वाहून जाऊ लागतात.

गंभीर गोष्ट अशी की, या साऱ्या काळात माणसास काही दुखत नाही. मूत्रपिंडाजवळ शिल्लक मोठी असते; एक मूत्रपिंड दान केलेला मनुष्यही नीट संसार करतो. रक्तातील क्रिएटिनिन हा आपल्या परिचयाचा आकडा बहुधा तेव्हाच चढू लागतो, जेव्हा गाळण्याची निम्मी शक्ती संपलेली असते. म्हणून ‘त्रास काही नाही’ हे येथे आरोग्याचे प्रमाणपत्र नव्हे.

जिंझू नदीच्या काठी

धातूचे विष मूत्रपिंडातून सबंध शरीर कसे पोखरते, याचे जगातील सर्वांत ठळक उदाहरण जपानमधील तोयामा प्रांतात घडले. तेथे जिंझू नावाची नदी डोंगरातून उतरून भातखाचरांस पाणी देते. नदीच्या वरच्या अंगास, शेजारच्या गिफू प्रांतात, कामिओकाची जुनी खाण होती. तेथे जस्त आणि शिसे निघे. जस्ताच्या खनिजात कॅडमियम हे जणू सोबतीसारखे असतेच. विसाव्या शतकात खाणीचे काम वाढत गेले, तसे खनिज धुतलेले पाणी व गाळ नदीत जाऊ लागला. नदीतून तो खाचरात, खाचरातून भातात आणि भातातून माणसांत उतरला.

खालच्या गावांतील स्त्रियांना एक विलक्षण दुखणे जडू लागले. बहुतेक चाळिशी उलटलेल्या, पुष्कळ बाळंतपणे झालेल्या, शेतात राबणाऱ्या. प्रथम कंबर आणि मांड्या दुखत, मग चाल बदकासारखी डुलती होई, पुढे अंथरूण धरावे लागे. हाडे इतकी मऊ आणि ठिसूळ होत की, खोकल्याच्या उबळीनेही बरगडी मोडे. रुग्ण ‘इताई, इताई’ म्हणून विव्हळत. जपानी भाषेत त्याचा अर्थ ‘दुखतंय, दुखतंय’. रोगास नावही तेच पडले आणि १९५५ मध्ये ते वृत्तपत्रांत आले.

आरंभी निरनिराळे तर्क झाले. कोणी म्हणाले अन्न निकस, कोणी म्हणाले अति कष्ट. गावचे डॉक्टर नोबोरू हागिनो युद्धावरून १९४६ मध्ये परत येऊन आपल्या घराण्याचा दवाखाना चालवीत होते. त्यांनी रुग्णांची घरे नकाशावर मांडली. तेव्हा दिसले की, ज्या शेतांस जिंझूचे पाणी मिळते तेथेच हा रोग आहे. शेजारच्या दुसऱ्या नद्यांच्या पाण्यावर पिकणाऱ्या गावांत तो नाही. कष्ट आणि गरिबी दोन्हीकडे सारखीच होती. भेद होता तो पाण्याचा. १९५७ मध्ये त्यांनी खाणीकडे बोट दाखवले. पुढे ओकायामा विद्यापीठाचे प्रा. जुन कोबायाशी यांनी नमुने तपासले आणि १९६१ मध्ये कॅडमियमचे नाव जाहीर झाले.

मूत्रपिंडाचा आणि हाडांचा संबंध काय, असे वाचक विचारील. संबंध दुहेरी आहे. एक तर नलिका बिघडल्याने फॉस्फेट आणि कॅल्शियम मूत्रावाटे वाहून जातात. आणि दुसरे, ‘ड’ जीवनसत्त्वास कामाचे रूप देण्याचे अखेरचे कार्य मूत्रपिंडातच होते, तेही मंदावते. भिंत बांधावयाची, पण विटाही नाहीत आणि चुनाही नाही, अशी हाडांची स्थिती होते. स्त्रियांनाच हा भोग अधिक का आला, याचेही उत्तर आहे. शरीरात लोह कमी असेल, तर आतडी कॅडमियम अधिक शोषतात. आणि वरचेवरच्या बाळंतपणांनी स्त्रीचे लोह व कॅल्शियम दोन्ही खर्ची पडलेले असते. आपल्याकडे रक्तक्षय असलेल्या माताभगिनी किती आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे ही गोष्ट दूर जपानची राहत नाही.

मे १९६८ मध्ये जपान सरकारने हा रोग खाणीच्या कॅडमियममुळे उद्भवल्याचे मान्य केले. त्याच वर्षी रुग्ण व त्यांच्या घरच्यांनी मित्सुई मायनिंग अँड स्मेल्टिंग या खाणमालक कंपनीवर दावा लावला. जून १९७१ मध्ये तोयामाच्या न्यायालयाने आणि ऑगस्ट १९७२ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पण गावकरी भरपाई घेऊन घरी बसले नाहीत. त्यांनी कंपनीकडून लेखी करार करून घेतले की, विषारी माती पालटून द्यावयाची आणि रहिवाशांनी तज्ज्ञांसह खाणीत शिरून केव्हाही तपासणी करावयाची. माती पालटण्याचे काम १९७९ पासून २०१२ पर्यंत चालले. आठशेहून अधिक हेक्टर शेती अशी सुधारावी लागली. अधिकृतपणे मान्य झालेले रुग्ण सुमारे २०० आहेत. नलिकांस इजा होऊनही हाडे न मोडलेले लोक त्याहून कितीतरी अधिक होते.

माहिती होती, ती पोचली नाही

येथे एक गोष्ट मनास लागून राहते. कॅडमियम मूत्रपिंडास मारते, हे ज्ञान जिंझूच्या खटल्यात प्रथम जन्मास आले असे नव्हे. स्वीडनमधील लार्स फ्रिबर्ग यांनी विद्युतघट बनवणाऱ्या कारखान्यातील कामगार तपासून, कॅडमियमची धूळ श्वासातून घेणाऱ्यांच्या मूत्रातून प्रथिने जातात, हे १९५० मध्येच ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले होते. म्हणजे सरकारी मान्यतेपूर्वी अठरा वर्षे. ज्ञान ग्रंथालयात होते. ज्या बाईच्या ताटात तो भात पडत होता तिच्यापर्यंत ते गेले नव्हते. याहून मागे पाहिले तर, इटलीतील वैद्य रामाझिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहून सांगितले होते की, वैद्याने रोग्यास इतर प्रश्नांबरोबर ‘तुझा धंदा कोणता?’ हेही विचारावे. आजही हा प्रश्न प्रत्येक दवाखान्यात विचारला जातो असे छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही.

सराफ्याची शेगडी

आता आपल्या दारी येऊ. इंदूरचा सराफा म्हटला की दिवसा दागिन्यांची आणि रात्री खाण्याची गर्दी डोळ्यांपुढे येते. त्या दुकानांच्या मागे, माडीवर, बोळात कारागिरांच्या लहान खोल्या असतात. दागिन्याचे सांधे जोडावयाचे तर डाक लावावी लागते. पूर्वी ही डाक सोने आणि तांबे यांची असे. तिच्यामुळे दागिन्याचा कस उतरे आणि दागिना मोडताना गिऱ्हाइकास तूट सोसावी लागे. त्यावर उपाय म्हणून सोन्यात कॅडमियम मिसळलेली डाक आली. शंभर भागांत ९२ भाग सोने आणि ८ भाग कॅडमियम. त्यामुळे कस जवळजवळ बावीस कॅरटचाच राही आणि काम सफाईदार होई. ‘केडीएमचा दागिना’ हा शब्द यातूनच रूढ झाला आणि कित्येक घरांत तो अस्सलपणाची खूण समजला गेला.

गिऱ्हाइकाचे सोने वाचले. पण किंमत कोणी दिली? कॅडमियम ३२१ अंशांस वितळते आणि ७६७ अंशांस उकळते. सोने वितळण्यास १०६४ अंश लागतात. फुंकणीची ज्योत सांध्यावर धरली की कॅडमियमची वाफ होऊन तिचा सूक्ष्म धूर बनतो आणि काम करणाऱ्याचे तोंड त्या धुरावरच वाकलेले असते. अन्नातील कॅडमियमपैकी आतडी शेकडा पाचच्या आसपास शोषतात. फुफ्फुसे मात्र श्वासातल्या कॅडमियमचा त्याच्या कित्येक पटींनी मोठा वाटा रक्तात घेतात. म्हणून बंद खोलीत वर्षानुवर्षे डाक लावणाऱ्या कारागिराच्या मूत्रपिंडांवर जिंझूच्या शेतकऱ्याहून वेगळा प्रसंग येत नाही. फक्त वाट निराळी. शिवाय एकदम पुष्कळ धूर गेल्यास फुफ्फुसांस सूज येऊन प्राणावरही बेतते.

हा धोका ओळखूनच भारतीय मानक ब्यूरोने हॉलमार्कच्या दागिन्यांत कॅडमियमची डाक वर्ज्य केली असून तिच्या जागी जस्त, इंडियम इत्यादी धातूंच्या डाका वापरल्या जातात. तरीही विषय संपला असे समजू नये. घराघरांतील जुने केडीएमचे दागिने मोडीत येतात आणि ते गाळताना तोच धूर पुन्हा उठतो. येथे एक खुलासा अवश्य करावा : असा जुना दागिना अंगावर घालणाऱ्या भगिनीने घाबरण्याचे कारण नाही. घट्ट धातूतून कॅडमियम असे उडून जात नाही. धोका आहे तो घडवणाऱ्यास आणि गाळणाऱ्यास. दागिना ज्याच्या हाताने सुंदर झाला, त्याच्या जिवाची चौकशी करणे हा मात्र आपला धर्म आहे.

शिसे आणि पारा

शिशाची रीत थोडी निराळी. ते मूत्रपिंडात जातेच, पण मुख्य साठा हाडांत करते आणि तेथून दशकानुदशके झिरपत राहते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात लाकडी घरांच्या ओसऱ्यांस शिसेयुक्त रंग दिलेला असे. उन्हाने त्याची भुकटी होई आणि कठड्यास धरून खेळणारी मुले तीच बोटे तोंडात घालीत. डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ मध्ये हे कारण दाखवून दिले. त्या मुलांपैकी कित्येक बरी झाली असे वाटले. पण तरुणपणीच त्या पिढीत मूत्रपिंडाचा जुनाट विकार अधिक दिसू लागला आणि १९२९ मध्ये डॉ. नाय यांनी त्याचा संबंध बाळपणीच्या शिशाशी जोडला. विष पोटात गेले बालपणी, हुंडी वटली तारुण्यात. शिशाने रक्तदाब वाढतो, यूरिक आम्ल साठून सांधे धरतात आणि मूत्रपिंडे हळूहळू आकसतात.

आपल्या देशात २००० साली पेट्रोलमधील शिसे बंद झाले आणि २०१६ च्या नियमाने घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग अशी मर्यादा आली. हा मोठाच लाभ होय. तरीही जुन्या भिंतींचे रंग खरवडताना, जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवताना, भेसळीच्या भडक पिवळ्या हळदीतून ते आजही येते. आणि कल्हईविषयी दोन शब्द : शुद्ध कथलाची कल्हई निर्धोक, उलट आंबट पदार्थांपासून पितळ-तांब्याच्या भांड्यांचे रक्षण तीच करते. पण कथलात स्वस्त शिसे मिसळले, तर आमटी-कढीच्या आंबटात ते उतरते. कल्हईवाल्याशी घासाघीस करताना हे लक्षात ठेवावे.

पारा नलिकांप्रमाणेच गाळणीवरही घाला घालतो. अंगावर, विशेषतः पायांवर सूज आणि मूत्रास फेस ही त्याची लक्षणे. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये अशा रुग्णांचा शोध घेता, ते गोरेपणासाठी चेहऱ्यास लावीत असलेली पारायुक्त मलमे हे कारण निघाले. समाधानाची गोष्ट एवढीच की, वेळीच मलम बंद केल्यास पुष्कळांची मूत्रपिंडे सावरतात. पत्त्यावाचूनची मलमे आणि अशुद्ध, अनधिकृत भस्मे यांपासून म्हणूनच दूर राहावे. औषध घ्यावयाचे तर जाणत्या, नोंदणीकृत वैद्याच्या देखरेखीखाली घ्यावे.

करावे काय?

साठलेले कॅडमियम मूत्रपिंडातून काढून टाकणारे खात्रीचे औषध नाही. शिशाच्या बाबतीत, तज्ज्ञ डॉक्टरांच्या हातून, काही रुग्णांस धातू बांधून काढणारी औषधे देता येतात. म्हणून खरा उपाय आधीचाच.

पहिली गोष्ट : डॉक्टरांकडे जाल तेव्हा आपला धंदा, पूर्वीचा धंदादेखील, आपण होऊन सांगावा. सोनारकाम, डाककाम, बॅटरी, रंग, छपाईचे जुने खिळे, धातूचा मुलामा यांपैकी काही असल्यास विशेषेकरून. नेहमीच्या मूत्रतपासणीची पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन दाखवते. कॅडमियमने प्रथम निसटणारी लहान प्रथिने तीत बहुधा दिसत नाहीत. त्यासाठी बीटा-टू मायक्रोग्लोब्युलिनसारखी निराळी तपासणी लागते, आणि धंदा कळल्यावाचून डॉक्टर ती सांगणार कशी?

दुसरी : कामाच्या जागी धूर ओढून बाहेर टाकणारा पंखा तोंडासमोर नव्हे, तर धूर उठतो तेथे लागून असावा. तोंडास बांधलेला रुमाल धातूचा धूर अडवीत नाही. शेगडीच्या खोलीत जेवू नये, झोपू नये. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत. मुलांस तेथे खेळू देऊ नये.

तिसरी : विडी-सिगारेट सोडावी. तंबाखूचे रोप जमिनीतील कॅडमियम पानांत ओढून घेते. धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरात त्याचा साठा न करणाऱ्याच्या सुमारे दुप्पट आढळतो. कारागीर जर विडीही ओढत असेल, तर तो दोन्ही वाटांनी विष घेत आहे.

चौथी : स्त्रियांचा रक्तक्षय दूर करावा. हिरव्या भाज्या, कडधान्ये, डॉक्टरांनी सांगितलेली लोहाची गोळी, ही केवळ अशक्तपणावर नव्हे, तर कॅडमियमवरही ढाल आहे.

पाचवी : मधुमेह, रक्तदाब असणाऱ्यांनी आणि वेदनाशामक गोळ्या मनाने घेणाऱ्यांनी अधिक सावध असावे. एका भारावर दुसरा भार पडला म्हणजे मूत्रपिंडाची शिल्लक लवकर सरते.

संस्थेचे कार्य

जिंझूच्या काठी हा लढा एकट्या रुग्णाच्या बळावर जिंकला गेला नाही. एका डॉक्टराने घरोघर फिरून नोंदी ठेवल्या, एका प्राध्यापकाने धातू तपासला आणि गावकऱ्यांनी मंडळ करून न्यायालयात आणि पुढे खाणीच्या दारात उभे राहण्याचे धैर्य दाखवले. आपल्यासारख्या न्यासास याहून सोपे काम करता येईल. डायालिसिससाठी मदत देणे हे पुण्यकर्म आहेच. परंतु आरोग्य शिबिराच्या नोंदवहीत ‘धंदा’ हा एक रकाना वाढवणे, सराफ्यातील आणि बॅटरीच्या धंद्यातील कारागिरांसाठी वर्षातून एकदा मूत्रपिंडाच्या योग्य तपासणीची सोय करणे आणि गरजू कारागिराच्या खोलीस धूर ओढणारा पंखा बसवून देणे, यास येणारा खर्च एका रुग्णाच्या वर्षभराच्या डायालिसिसपुढे किरकोळ ठरेल.

अठरा वर्षे ग्रंथालयात पडून राहिलेले ज्ञान जिंझूच्या स्त्रियांच्या कामास आले नाही. तेच ज्ञान आज आपल्या हातात आहे. ते शेगडीपुढे बसलेल्या माणसापर्यंत पोचवणे एवढेच बाकी आहे, आणि ते आपल्यापैकी कोणासही करता येण्याजोगे आहे.